बंद पडलेला आरओ ग्रामसंघाने चालवायला घ्यावा का? खारपाण पट्ट्यातलं गाव, दर आणि कराराबद्दल सल्ला हवा

पूर्णाकाठ (प्रश्न; पुढे प्रत्येक उत्तराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

गाव दर्यापूर तालुक्यात, खारपाण पट्ट्यातलं, म्हणजे जमिनीखालचं पाणी खारं. सुमारे ४०० घरं, १८०० लोकवस्ती. ग्रामपंचायतीने वित्त आयोगाच्या निधीतून ताशी १००० लिटरचा आरओ (खारं पाणी शुद्ध करणारं यंत्र) बसवला होता, तो दोन वर्षांपासून कुलूपबंद आहे. प्रादेशिक योजनेचं नळाचं पाणी चार-पाच दिवसांआड येतं. मधल्या दिवसांत बोअर. त्याचा टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मीटरवर २४०० दाखवतो, चहासुद्धा फाटतो. ज्याला परवडतं तो तालुक्याहून गाडीवर येणारी २० लिटरची कॅन २५-३० रुपयांना घेतो, बाकीचे बोअरच पितात.

आता ग्रामपंचायत म्हणते, महिला ग्रामसंघाने आरओ चालवायला घ्यावा. ग्रामसंघात १४ बचत गट आहेत, बचतीचे व्यवहार चोख आहेत, पण यंत्र चालवण्याचा अनुभव कोणाला नाही. तीन गोष्टी ठरत नाहीत. यंत्र ताब्यात घेण्याआधी काय काय तपासायचं? कॅनचा दर किती ठेवायचा? ग्रामपंचायतीत दोन रुपये म्हणतात, आमच्या बैठकीत तीन म्हणतात. आणि तिसरं, एक ठेकेदार म्हणतो की तो स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करून चालवेल, ८० टक्के त्याचे, २० टक्के ग्रामपंचायतीचे. त्याच्यापेक्षा आमचं चालवणं खरंच बरं पडेल का?

जमाखर्च

ताई, चालवायला घ्या, मालकी मात्र घेऊ नका. यंत्र, खोली, बोअर आणि वीजजोडणी ग्रामपंचायतीच्याच नावावर राहू द्या. जोडणी ग्रामपंचायतीच्या पाणीपुरवठ्याची असली तर ती महावितरणच्या सार्वजनिक पाणीपुरवठ्याच्या वर्गात बसते. ग्रामसंघाच्या किंवा एखाद्या सदस्येच्या नावावर घेतली तर वाणिज्यिक दराचं बिल गळ्यात पडू शकतं. दोन वर्षं बंद आहे म्हणता, तर स्थिर आकार चढत गेला असेल किंवा जोडणी कायमची तोडलेली असेल. थकबाकी ग्रामपंचायतीने भरल्याची पावती हातात आल्याशिवाय ताबा घेऊ नका.

आता दर. तुमच्या ४०० घरांवरून अंदाजे हिशोब मांडतो. उन्हाळ्यात रोज २६० कॅन जातील, पावसाळ्यात १४०. वर्षाची सरासरी २०० धरू. २०० कॅन म्हणजे रोज ४००० लिटर, यंत्र चार तास चाललं की झालं.

महिन्याचा चालू खर्च असा: चालवणाऱ्या ताईंचं मानधन ९०००, त्यांच्या सुट्टीला बदली म्हणून दुसऱ्या ताई ३०००, वीज रोज १० युनिट धरून सुमारे ३०००, कार्ट्रिज (बदलायची गाळणी) १०००, अँटिस्केलंट (क्षार बसू न देणारं रसायन) ४००, क्लोरीन आणि धुण्याची रसायनं ४००, पाणी तपासणी ७००. बेरीज १७,५००. बहुतेक गावं इथेच थांबतात आणि इथेच फसतात. कारण याशिवाय तीन बाजूला ठेवायच्या रकमा आहेत. मेंब्रेनसाठी (क्षार अडवणारे पडदे) महिना २०००, कारण ताशी १००० लिटरला ४०४० मापाच्या चार मेंब्रेन लागतात, एक १२ हजारांच्या आसपास धरली तर दोन वर्षांत ४८ हजार जमलेच पाहिजेत. पंप, मोटार, स्टार्टर, व्हॉल्व्ह यांच्या दुरुस्तीला २०००. आणि संपूर्ण यंत्र दहा वर्षांनी बदलायचं म्हणून ५०००, म्हणजे दहा वर्षांत ६ लाख. सगळं मिळून २६,५००.

कॅन पाच रुपयांना दिली तर महिना ३०,००० येतात. खर्च आणि निधी निघून ३५०० उरतात, त्यातून गटाला प्रोत्साहन देता येतं. तीन रुपयांना १८,००० येतात. चालू खर्च जेमतेम निघतो, निधीला काही उरत नाही. असं यंत्र पहिली दोन वर्षं उत्तम चालतं, सगळे खूश असतात, आणि मेंब्रेन संपल्या की कुलूप लागतं. दोन रुपयांना १२,००० येतात, ते दोन ताईंच्या मानधनातच संपले, विजेचं बिल पहिल्या महिन्यापासून थकणार. तुमचा आरओ का बंद पडला ते जुन्या दरावरून आणि वीजबिलांवरून काढा, बहुधा उत्तर तिथेच सापडेल.

पाच रुपयांनी रोज १७७ कॅनच्या खाली गेलात तर तोटा. हा आकडा खोलीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

निधीचं बँक खातं वेगळं काढा. बचतीच्या खात्यात पाण्याचा पैसा मिसळू देऊ नका, अंतर्गत कर्जाला वापरला जातो आणि मेंब्रेनच्या वेळी वसुली करत बसावं लागतं. सह्या तीन ठेवा, दोन ग्रामसंघाच्या आणि एक ग्राम पाणीपुरवठा व स्वच्छता समितीची.

मेंब्रेन

ताबा घेण्यापूर्वीच्या तपासणीबद्दल लिहितो.

दोन वर्षं बंद असलेल्या यंत्रातल्या मेंब्रेन गेल्या असं धरूनच चला. बंद ठेवताना आत सोडियम मेटाबायसल्फाइटचं एक टक्क्याचं द्रावण भरून ठेवायला हवं होतं, ते गावात कोणी करत नाही. आत बुरशी धरते किंवा मेंब्रेन वाळून तडकते. "धुवून चालेल" असं कोणी म्हटलं तर पैसे देण्याआधी चालवून दाखवायला सांगा. वाळू आणि कार्बनही नवा भरावा लागेल. हा खर्च ग्रामपंचायतीचा, ग्रामसंघाचा नव्हे.

नव्या मेंब्रेन टाकल्यावर सलग दोन दिवस रोज चार तास यंत्र चालवून घ्या आणि दर तासाला पाच आकडे लिहा: कच्च्या पाण्याचा टीडीएस, शुद्ध पाण्याचा टीडीएस, शुद्ध पाण्याचा प्रवाह, रिजेक्टचा (बाहेर टाकल्या जाणाऱ्या खारट पाण्याचा) प्रवाह, हाय-प्रेशर पंपाचा दाब. तुमच्या २४०० टीडीएसला दाब १०-१२ किलोच्या आसपास असावा आणि शुद्ध पाणी १२० च्या खाली यावं. शुद्ध आणि रिजेक्ट साधारण निम्मं-निम्मं. रिजेक्टचा व्हॉल्व्ह आवळून "७० टक्के पाणी मिळतं" असं कोणी दाखवलं तर भुलू नका. खारपाणाच्या पाण्यात असा व्हॉल्व्ह आवळला की क्षार मेंब्रेनवरच बसतात, काही महिन्यांत काम संपतं.

हे पहिल्या दिवसाचे आकडे पुढची सगळी वर्षं कामाला येतात. बिघाड त्यांच्यावरूनच ओळखता येतो.

प्रवाह कमी झाला आणि दाब वाढला तर क्षार किंवा चिखल बसला आहे. प्रवाह पहिल्यापेक्षा १०-१५ टक्के उतरला की लगेच धुवायचं, अर्ध्यावर येईपर्यंत थांबलात तर धुऊन उपयोग नाही. क्षाराला सायट्रिक अॅसिड दोन टक्के, चिकट थराला सौम्य कॉस्टिक; दोन्ही एकत्र कधीही करायचं नाही, मध्ये साध्या पाण्याने भरपूर धुवायचं. एकाच वेसलमधून (मेंब्रेन बसवलेल्या नळकांड्यातून) येणारं पाणी खारट आणि बाकीच्यांचं चांगलं असेल तर मेंब्रेन नव्हे, ओ-रिंग (जोडावरची रबरी कडी) फाटली आहे. काही रुपयांची वस्तू असते, आणि त्यासाठी अख्खी मेंब्रेन बदलून बिल लावल्याची उदाहरणं कमी नाहीत. आणि प्रवाह वाढला, सोबत टीडीएसही वाढला, तर क्लोरीनने मेंब्रेन जळाली.

हे शेवटचं गावात सर्वाधिक होतं. आरोग्य खात्याच्या सांगण्यावरून जलसुरक्षक (गावचं पाणी सांभाळणारा कर्मचारी) टाकीत ब्लिचिंग पावडर टाकतो, ते बरोबरच आहे, पण तेच पाणी आरओला जातं. कार्बन फिल्टर जुना झाला की क्लोरीन थेट मेंब्रेनवर. म्हणून कार्बन फिल्टरनंतरच्या पाण्यात क्लोरीन तपासायचं थेंबांचं किट रोज वापरा, पिवळा रंग आला की यंत्र बंद. शक्य असेल तर आरओला पाणी थेट बोअरवरून घ्या.

रोजचं काम फार नाही. सुरू करण्याआधी वाळूचा आणि कार्बनचा फिल्टर दहा-दहा मिनिटं बॅकवॉश, म्हणजे उलट्या दिशेने पाणी सोडून धुणं. अँटिस्केलंटच्या डब्यातली पातळी पाहायची. ते रसायन थोडं थोडं सोडणाऱ्या डोझिंग पंपाच्या नळीत हवा अडकली की डबा भरलेलाच राहतो आणि कोणाच्या लक्षात येत नाही. रोज ८००० लिटर कच्च्या पाण्याला साधारण २४ ग्रॅम लागतं, म्हणजे महिन्याला पाऊण किलोच्या जवळ. त्याहून फार कमी संपत असेल तर डोझिंग बंद आहे असं समजा. कार्ट्रिजच्या अलीकडच्या-पलीकडच्या दाबात पाऊण किलोचा फरक पडला की ती बदलायची, धुवून परत घालायची नाही.

रब्बीत संध्याकाळी शेतपंप सुरू झाले की गावात व्होल्टेज पडतो आणि मोटार जळते. कमी व्होल्टेजला आपोआप बंद करणारा आणि फेज गेला तर तोडणारा रिले पॅनेलमध्ये आहे का ते पाहा. नसेल तर पहिल्या दिवशी बसवा. पाणी दिवसा करून साठवा. शुद्ध पाण्याची टाकी किमान ५००० लिटरची हवी, म्हणजे वीज नसली तरी एक दिवस निघतो.

साठवलेल्या आरओ पाण्यात जंतू मारायला काहीच नसतं, हे बहुतेकांना माहीत नसतं. टाकीचं झाकण उघडं राहिलं, किंवा कॅन आतून हिरवी झाली, की १०० टीडीएसचं "शुद्ध" पाणी जुलाब देतं. टाकीनंतर यूव्ही (जंतू मारणारा दिवा), आणि नळावर उरलेलं क्लोरीन लिटरला ०.२ मिलिग्रॅम. कॅन ज्याची त्याने धुवायची, पण खोलीबाहेर धुण्याची जागा आणि ब्रश ठेवा.

गावसभा

वरचे दोन्ही प्रतिसाद कामाचे आहेत, मी त्याच्या आधीचं बोलतो.

पिण्याचं पाणी हा राज्यघटनेच्या अकराव्या अनुसूचीतला विषय आहे, म्हणजे ते पंचायतीचं काम आहे. जलजीवन मिशन १५ ऑगस्ट २०१९ ला जाहीर झालं, त्यात घरोघरी नळाने माणशी रोज ५५ लिटर देण्याचं ठरलं. पाणी खराब असलेल्या गावात ते होईपर्यंत सामुदायिक शुद्धीकरण केंद्रातून पिण्या-स्वयंपाकापुरतं माणशी ८ ते १० लिटर द्यायचं, हे याच मिशनच्या सूचनांमध्ये आहे. तेव्हा तुमचा आरओ ही मधली सोय आहे. ती नळाची जागा घेऊ लागली की घात झाला. "गावात आरओ आहे की" असं म्हणून नळाचं पाणी चार दिवसांवरून आठ दिवसांवर जाईल आणि कोणी विचारणार नाही. ग्रामसभेच्या ठरावातच लिहा: आरओ सुरू असला तरी प्रादेशिक योजनेच्या पाण्याची मागणी कायम, आणि नळ किती दिवसांनी आला याची नोंद आरओच्याच वहीत रोज. ही वही दर ग्रामसभेत वाचायची.

सामाजिक उद्योग म्हणून काम करणाऱ्या गटाने सरकारी सेवेला असा आधार दिला पाहिजे की सरकारला हात झटकता येऊ नयेत. गट चांगला चालला की उलट होण्याचा धोका वाढतो, म्हणून हे आधीच कागदावर हवं.

दुसरा मुद्दा, पाच रुपये रोज म्हणजे महिना १५० रुपये. दोनशेंना ते जमेल. उरलेल्या दोनशे घरांत कोण आहे ते पाहा: एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या, भूमिहीन मजूर, अपंग. त्यांच्यासाठी दर सगळ्यांचा पाडायचा नाही, नाहीतर जमाखर्च यांनी मांडलेला हिशोब कोसळतो. त्यांच्या कॅनचे पैसे ग्रामपंचायतीने ग्रामसंघाला द्यावेत. ग्रामपंचायतीला स्वउत्पन्नाचे १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणावर आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचेच असतात. त्या-त्या वर्गातल्या घरांची पैसे आधी भरलेली कॅनची कार्डं, अंगणवाडीच्या कॅन, हे त्यातून बसतं. शाळा आणि उपकेंद्राच्या कॅनचंही मासिक बिल ग्रामपंचायतीला लावा. फुकट द्यायचं ठरलं तरी वहीत रकमेसह लिहा. वहीत नसलेलं फुकट पाणी कुठे थांबत नाही.

पैसे कधी घ्यायचे यालाही विचार हवा. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाच्या जवार विमा योजनेत गावकरी आरोग्यासाठीची वर्गणी ज्वारीच्या रूपात, ऐपतीप्रमाणे जमा करत. आपल्याकडे शेतकऱ्याच्या हातात पैसा सोयाबीन-कापूस विकल्यावर येतो, मजुराच्या हातात आठवडी बाजाराच्या दिवशी. शेतकऱ्याला दिवाळीनंतर सहा महिन्यांचं कार्ड द्या, मजुराला यंत्रात रोजचं नाणं टाकू द्या. जूनमध्ये वार्षिक वर्गणी मागाल तर कोणी देणार नाही, तेव्हा सगळा पैसा बियाण्यात असतो.

पूर्णाकाठ

सगळ्यांचे आभार. हिशोब बैठकीत वाचून दाखवला, पाच रुपयांवर बहुतेक तयार होतील असं दिसतं. दोन प्रश्न उरले. रिजेक्ट पाणी आधी खोलीमागच्या नाल्यात सोडलेलं होतं, तिथे शेजारच्या वावराच्या धुऱ्याला पांढरा थर दिसतो. ते कुठे न्यायचं? आणि ठेकेदाराच्या ८०-२० बद्दल कोणीच लिहिलं नाही.

काळीमाती

ताई, रिजेक्टचं इचारलं ते बरं झालं, तेच खरं दुखणं हाय. २४०० चं पाणी अर्धं शुद्ध केलं तं उरलेल्या अर्ध्यात ४७०० च्या जवळ टीडीएस जमा होते. असं रोज ४००० लिटर. आपल्या काळ्या जमिनीत आधीच सोडियम, निचरा नाई. त्यात हे पाणी मुरलं तं माती पावसात चिकट होते, उन्हात दगडावानी होते, अन् मंग वर्षानुवर्षं सुधरत नाई. पांढरा थर दिसला म्हणजे सुरुवात झालेली हाय. त्या शेतकऱ्याले आधी भेटा, तक्रार व्हायच्या आत.

शोषखड्डा करू नोका. लोकं सांगतात, पण ते पाणी खाली जाऊन तुमच्याच बोअरले खारं करते. जुन्या विहिरीत सोडणं तं त्याहून वाईट. बांधकामाले द्यायचं म्हणाल तं लोखंड असलेल्या स्लॅबले बिल्कुल नाई, क्लोराइडनं सळई गंजते. जनावरांले बी पाजू नोका.

मंग करायचं काय? शाळेचे अन् सार्वजनिक संडास, त्याईच्या टाकीवर एक वेगळी पाइपलाइन, नळावर लाल रंग अन् 'पिण्याचे नाही' लिहून. गाड्या-ट्रॅक्टर धुवाले, तेही मुरमाच्या नाई तं काँक्रीटच्या जागेवर. एवढं करून हजार-बाराशे लिटर जाईल. बाकीच्याले प्लॅस्टिक अंथरलेला उथळ खड्डा, उन्हात उडून जावाले. हिशोब पहा: वर्षाची सरासरी दिवसाले ५ मिलिमीटर उडते धरलं तं ३००० लिटरले ६०० चौरस मीटर जागा पायजे, म्हणजे सहा गुंठे. पावसाळ्यात उडत नाई, उलट भरते, म्हणून बांध दोन फूट वर ठेवा अन् बाहेरचं पाणी आत येऊ देऊ नोका. गावठाणात सहा गुंठे मिळत नसतील तं यंत्र कमी तास चालवा, तेवढ्याच कॅन द्या.

आणखी एक. गावात टिनाची मोठी छपरं कोणती हायत? शाळा, समाजमंदिर, गोदाम. २०० चौरस मीटर छपरावर ७०० मिलिमीटर पाऊस पडला तं एक लाख चाळीस हजार लिटर होते, वाया जाणारं सोडून लाखभर धरा. ते टाकीत साठवून बोअरच्या पाण्यात मिसळलं तं कच्च्या पाण्याचा टीडीएस उतरते, रिजेक्ट कमी खारं होते, मेंब्रेन जास्त टिकते. चार महिने तरी मोठा आधार होते.

केळापूर_पाणी

खारपाणातल्या ताईंसाठी नव्हे, पण यवतमाळकडचं कोणी वाचत असेल म्हणून लिहितो. पांढरकवडा, झरी, मारेगाव भागात प्रश्न फ्लोराइडचा आहे. तिथे पाणी चवीला गोड लागतं, टीडीएस मीटर ६००-७०० दाखवतो आणि सगळे निर्धास्त असतात. टीडीएस मीटरला फ्लोराइड वेगळं दिसत नाही, नायट्रेट दिसत नाही, जंतू तर नाहीच. भारतीय मानकात फ्लोराइडची इष्ट मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम, दुसरा स्रोत नसेल तर १.५. नायट्रेट ४५, त्यात सूट नाही.

ग्रामपंचायतीकडे तपासणीचं किट असतं आणि जलजीवनमध्ये प्रत्येक गावात पाच महिलांना ते वापरायला शिकवायचं ठरलेलं आहे. ते किट कपाटात असेल, औषधांची तारीख पाहून बाहेर काढा. जंतूंसाठी काळी होणारी बाटली: पाणी भरून २४ ते ४८ तास ठेवायची, काळी झाली तर पाणी पिण्यालायक नाही. याशिवाय तीन महिन्यांनी भूजल यंत्रणेच्या प्रयोगशाळेत कच्चं आणि शुद्ध दोन्ही पाण्याचे नमुने पाठवा. अहवाल खोलीबाहेर चिकटवा, जुना काढू नका, शेजारी नवा लावा.

फ्लोराइडच्या गावात अॅक्टिव्हेटेड अॅल्युमिनाचा फिल्टरही चालतो आणि रोजचं रिजेक्ट पाणी निघत नाही, पण तो भरला की कॉस्टिक आणि आम्लाने पुन्हा ताजा करावा लागतो. तो कधी भरला हे चवीवरून कळत नाही, फक्त तपासणीवरूनच. नागपूरच्या नीरी या संशोधन संस्थेने विकसित केलेल्या नलगोंडा पद्धतीत तुरटी, चुना आणि ब्लिचिंग लागतं, खर्च कमी, पण तुरटीचं प्रमाण पाण्यानुसार बदलतं आणि रोज नीट ढवळणारा माणूस हवा. तो नसेल त्या गावात ती घेऊ नये.

जमाखर्च

ठेकेदाराबद्दल. ८०-२० वाईटच असं नाही, पण प्रस्तावात काय लिहिलेलं नाही ते पाहा. दर कोण ठरवणार? किती वर्षं? मेंब्रेन नवीन की वापरलेल्या? सोडून गेला तर त्याने बसवलेले पंप उचलून नेणार का? पाण्याचा अहवाल बिघडला तर जबाबदार कोण? रिजेक्ट कुठे? अशा प्रस्तावात बहुतेक वेळा पहिल्या वर्षी दर पाच आणि दुसऱ्या वर्षी दहा होतो, कारण करारात दराला धरून ठेवणारं वाक्यच नसतं. आणि ज्या महिन्यात मोठा बिघाड येतो त्या महिन्यात ठेकेदाराचा फोन लागत नाही, कारण त्याला तो खर्च पुढच्या कमाईतून निघताना दिसत नाही.

तरीही त्याच्याकडे एक गोष्ट आहे जी तुमच्याकडे नाही, ती म्हणजे दुरुस्तीचं कौशल्य. तेवढंच विकत घ्या. त्याच्याशी किंवा दुसऱ्या कोणाशी वार्षिक देखभालीचा करार करा: महिन्यातून एक फेरी, बिघाडाला ४८ तासांत येणं, उशीर झाला तर दिवसाला ठरावीक कपात. एका गावाला हे महाग पडतं. तुमच्या प्रभागसंघात (आसपासच्या ग्रामसंघांचा मिळून संघ) अशी आणखी गावं असतील तर आठ-दहा यंत्रांमागे एक आयटीआय झालेला मुलगा किंवा मुलगी, एक दुचाकी आणि एक सुट्या भागांची पेटी, असं बसतं. गावामागे महिना दोन-अडीच हजार, ते दुरुस्तीच्या २००० मधून काढायचे, कमी पडले तर उरणाऱ्या ३५०० मधून. पेटीत दोन मेंब्रेन, एक डोझिंग पंप, ओ-रिंगचे संच, कार्ट्रिज, रिले आणि एक स्टार्टर असला तर बहुतेक बिघाड त्याच दिवशी निघतो. खरं तर हा उद्योग प्रभागाच्या पातळीवरच नीट उभा राहतो, एका गावात तो कायम काठावर राहील.

करार कोणाशी करायचा हेही पाहा. ग्रामसंघाची स्वतंत्र नोंदणी नसेल तर तो स्वतःच्या नावावर करार करू शकत नाही, अशा वेळी नोंदणीकृत प्रभागसंघाने करावा आणि ग्रामसंघाला चालवायला द्यावा. कोणी कंपनी कायद्याच्या कलम ८ ची, म्हणजे ना-नफा कंपनी काढायला सांगेल. वर्षाची उलाढाल साडेतीन-चार लाखांची, त्यासाठी दरवर्षीचं लेखापरीक्षण आणि विवरणपत्रांचा खर्च झेपणार नाही. एवढ्या उलाढालीला जीएसटी नोंदणीही लागत नाही. मात्र कॅनला सील लावून, लेबल चिकटवून दुकानात विकायला गेलात तर ते पॅकबंद पाणी झालं, त्याला एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षेचा) परवाना आणि त्या दर्जाची सगळी व्यवस्था लागते. त्या वाटेला जाऊ नका, नळावर या आणि भरून न्या, एवढंच ठेवा.

करारात मला या गोष्टी हव्यात असं वाटतं. मुदत तीन वर्षं, दोन्ही बाजूंना तीन महिन्यांच्या सूचनेने मोकळं होता यावं. दर ग्रामसभा ठरवेल, पण खर्चाचा तक्ता समोर ठेवून, आणि १७७ कॅनच्या हिशोबाखाली दर पाडायचा असेल तर फरक ग्रामपंचायत भरेल. दहा हजारांवरचा बिघाड, बोअर आटणं आणि बोअरची मोटार जळणं हे ग्रामपंचायतीचं, त्याखालचं ग्रामसंघाचं. निवडणुकीनंतर नवीन बॉडी आली तरी करार चालू. आणि निधीच्या खात्यातला पैसा यंत्राशिवाय कशालाही वापरता येणार नाही, ग्रामपंचायतीलाही नाही आणि ग्रामसंघालाही नाही.

मेंब्रेन

एक राहिलं. शुद्ध पाण्याच्या टाकीतून नळाकडे जाणाऱ्या पाइपवर साधं पाण्याचं मीटर बसवा. रोज रात्री मीटरचा फरक भागिले २० बरोबर कॅन, आणि तेवढीच नाणी, कार्डाच्या खुणा आणि ग्रामपंचायतीच्या नावे लिहिलेल्या कॅन मिळून असल्या पाहिजेत. दोन-तीन टक्के इकडेतिकडे चालतं, कॅन ओतू जातात. त्याहून जास्त फरक सलग आठवडाभर आला तर आधी गळती शोधा, नाण्याच्या यंत्राचं वेळेचं सेटिंग तपासा. वीज जाऊन आली की ते सेटिंग काही यंत्रांत हलतं आणि पाच रुपयांत २३-२४ लिटर पडायला लागतं. ताईंवर संशय घेण्याआधी २० लिटरची मोजलेली बादली नळाखाली धरून पाहा.

पूर्णाकाठ

समाजमंदिराचं छप्पर मोजायला सांगितलं आहे, आणि रिजेक्टसाठी गावठाणातली जागा तलाठ्यांना विचारते. वीजबिलाच्या थकबाकीचं उत्तर ग्रामपंचायतीकडून लेखी मागितलं आहे, ते आल्यावर कराराचा मसुदा इथे टाकते.